शिबिरातली ताई कोण?

शिबिराच्या पत्रकावर घोडा असतो, रोबो असतो, दोराला लोंबकळणारा हेल्मेटवाला मुलगा असतो. उद्घाटनाला येणाऱ्या मालिकेतल्या नटाचा फोटो असतो. सकाळी नऊपासून तुमच्या मुलाबरोबर जी ताई किंवा जो दादा असणार, त्यांचं नाव मात्र कुठेच नसतं. पालकांनो, फोन उचला आणि आधी ते नाव विचारा.

एप्रिल लागला की ओळखीतले आईबाबा मला विचारतात, यंदा मुलाला कुठल्या शिबिरात घालू? माझं उत्तर ऐकून बहुतेकजण हिरमुसतात, कारण त्यांना नाव-पत्ता हवा असतो. मी सांगते, शिबिर बघू नका, माणूस बघा. मुलाच्या लेखी शिबिर म्हणजे ती ताई. ती चांगली असली तर रद्दीच्या कागदाच्या टोप्या करण्यातही दोन तास जातात आणि मूल घरी येऊन बडबडत सुटतं. ती वैतागलेली असली तर घोड्यावर बसूनही मूल रडवेलं परत येतं.

कॉलेजात असताना मी सुट्ट्यांमध्ये शिबिरांत ताई म्हणून काम केलं. पत्रकात न छापलेलं ते काम काय असतं, ऐका. पहिल्या दिवशी खाऊच्या सुट्टीपर्यंत गटातल्या सगळ्यांची नावं तोंडपाठ व्हावी लागतात. नव्या जागी संडासला जायला कोण लाजतंय, आतून कडी लावायची भीती कोणाला वाटतेय, सकाळपासून घोटभरही पाणी कोण प्यायलेलं नाही, कोणाचा डबा रोज दुसऱ्याच्याच पोटात जातोय, हे न विचारता कळावं लागतं. भांडण झालं की ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात. कोपऱ्यात गप्प झालेल्याकडे ताईला जावं लागतं. हे कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. आधी कोणीतरी शिकवावं लागतं, मग सराव लागतो, आणि हाताशी थोडी मुलं असावी लागतात.

थोडी म्हणजे किती? अमेरिकेत शिबिरं हा मोठा जुना व्यवसाय आहे. तिथल्या अमेरिकन कॅम्प असोसिएशनने आकडे ठरवून दिलेत. सहा ते आठ वर्षांच्या मुलांच्या दिवसाच्या शिबिरात आठ मुलांमागे एक मोठं माणूस, निवासी शिबिरात सहा मुलांमागे एक. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी दिवसा दहामागे एक, निवासी असेल तर आठामागे एक. आपल्याकडे हॉलमध्ये चाळीस मुलं, माइक धरलेले एक सर आणि दाराशी स्टुलावर बसलेल्या एक मावशी, एवढ्यावर शिबिर उभं राहतं. विचारलं की मावशींनाही मोजून ‘दोन जण आहेत’ असं सांगतात. मावशींकडे आधीच पाणी, खाऊ, फरशी आणि फाटक आहे. त्यांना मोजायचं तर त्यांना तेवढा पगार द्या आणि फरशी पुसायला दुसरं माणूस ठेवा.

आकडा विचारताना नीट विचारा. ‘एकूण स्टाफ किती?’ म्हटलं की ऑफिसातला हिशेबनीसही त्यात येतो. ‘माझ्या मुलीच्या गटात मुलं किती आणि त्या गटाबरोबर पूर्ण वेळ कोण?’ असं विचारा. समोरचा अडखळला, तर गट अजून पाडलेलेच नाहीत.

आता त्या ताईच्या हातातल्या मोबाइलविषयी. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर फोटो येत राहिले की आपल्याला बरं वाटतं. पण ते फोटो काढतं कोण? ताईच. तिला वरून सांगितलेलं असतं, दर तासाला फोटो गेले पाहिजेत. पंधरा मुलं कात्री हातात घेऊन बसलीत आणि तिचे डोळे पडद्यावर आहेत. रंगात बुडालेला हात वर करून मूल हसतंय, असा फोटो हवा म्हणून ती एकाला दोनदा हात रंगवायला लावते, आणि तेवढ्यात मागे दुसऱ्याने काय तोंडात घातलं ते तिला दिसत नाही. ज्या शिबिरात दिवसभर फोटो येत नाहीत आणि संध्याकाळी ताई फाटकाशी उभी राहून ‘आज तो जेवला नाही नीट, पण गोष्ट छान सांगितली’ असं सांगते, तिथे पैसे भरा. शिवाय ते फोटो पुढे वर्षभर त्यांच्या जाहिरातीत फिरतात. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. नावनोंदणीच्या अर्जात तळाशी बारीक अक्षरात ती संमती आधीच खूण करून ठेवलेली असते. ती खोडा. खोडू दिली नाही तर अर्ज परत करा.

ताईला कामावर कधी घेतलं, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. शिबिराच्या आदल्या आठवड्यात परीक्षा संपलेल्या मुलामुलींना फोन करून गोळा करायचं, शिबिराचा टीशर्ट द्यायचा आणि सोमवारी मुलं त्यांच्या ताब्यात द्यायची, ही पद्धत सर्रास आहे. त्या पोरांचा राग करू नका. एकोणीस वर्षांची मुलगी मन लावून काम करू शकते, फक्त तिला आधी चार दिवस घेऊन बसायला हवं. मूल पडलं तर आधी काय करायचं, दम्याचा पंप कसा वापरायचा, मुलाला संडासला नेताना कोणी कोणाबरोबर जायचं, रडू थांबेना तर किती वेळाने घरी फोन करायचा. आयोजक फीमधला मोठा वाटा सभागृहाच्या भाड्यात, होर्डिंगवर आणि पाहुण्या नटाच्या मानधनात घालतात आणि ताईला प्रवासखर्च सुटेल एवढं देतात. मग दुसऱ्या वर्षी ती येत नाही. जिथे तीच ताई तिसऱ्या वर्षीही आहे, तिथे काहीतरी बरं चाललंय असं समजा.

आणि पडताळणी. महाराष्ट्र पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो. घरी भाडेकरू ठेवताना आपण पोलीस ठाण्यात माहिती देतो, घरकामाला येणाऱ्या बाईंचं आधार कार्ड मागतो. पण लेकरू दहा दिवस ज्यांच्या हवाली करतो, त्यांची पडताळणी झाली का हे विचारायला आपल्याला अवघडल्यासारखं होतं. बदलापूरच्या शाळेत २०२४मध्ये लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर शाळांना कर्मचाऱ्यांच्या पडताळणीबद्दल सक्त सूचना गेल्या. शिबिराला मात्र शाळेसारखी कोणाची मान्यता घ्यावी लागत नाही, त्यामुळे तपासायलाही कोणी येत नाही. तिथे तपासनीस तुम्हीच. आयोजकाला सरळ विचारा: दाखले आहेत का, मला बघायला मिळतील का? चांगला आयोजक या प्रश्नाने दुखावत नाही, फाइल काढून दाखवतो. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या कायद्याप्रमाणे, अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने ती दडपली तर त्यालाही शिक्षा आहे. ‘आम्ही आपसात मिटवू’ असं म्हणणारा माणूस गुन्हाच करत असतो. मुलाकडूनही १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पाठ करून घ्या. घरचा नंबर पाठ असतोच असं धरू नका, आजकाल बहुतेकांचा नसतो.

थोडं आपल्याविषयीही स्पष्ट बोलू. आईबाबा दोघं कामाला जातात. शाळा मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत बंद, विदर्भात तर जूनच्या शेवटापर्यंत. ‘पूर्वी मुलं मामाच्या गावाला जायची’ असं सुनावणारे भेटतात. मामाही हिंजवडीत दहा तास कामावर असतो आणि मामीही. मुलाला दिवसभर ठेवायला सुरक्षित जागा हवी, हे सांगायची लाज वाटू देऊ नका. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, असं मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने सांगितलं. पण पाळणाघर अगदी लहान मुलांसाठी. आठ वर्षांच्या पोराचं मे महिन्यात काय करायचं, याचा विचार कुठल्याच कायद्याने केला नाही, तो सगळा भार आईच्या रजेवर पडतो. तेव्हा गरज सांभाळण्याची असेल तर सांभाळण्याच्याच निकषावर निवडा. नऊ ते बारा चालणारं, दहा दिवसांत संपणारं रोबोटिक्सचं शिबिर तुमचा प्रश्न सोडवत नाही. बारा वाजता मुलाला आणायला कोण जाणार? संध्याकाळी सहापर्यंत ठेवणारी, दुपारी वरणभात देणारी आणि तासभर आडवं होऊ देणारी साधी जागा त्यापेक्षा लाख पटीने बरी. तिथे प्रमाणपत्र मिळत नसेल, चालेल.

ऊन हा मे महिन्यातला सगळ्यात मोठा प्रश्न, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी विचारलं जातं. हवामान खात्याच्या हिशेबाने सपाट प्रदेशात तापमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त गेलं की उष्णतेची लाट धरतात. किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच हिशेब सुरू होतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. पुण्यात-नाशकात एप्रिलअखेर चाळिशी गाठली जाते, अकोला-चंद्रपूर पंचेचाळिशीपुढे जातं. आणि आपण फुटबॉलचं शिबिर लावतो टर्फवर, सकाळी दहा ते साडेबारा! कृत्रिम गवत उन्हात मातीपेक्षा आणि खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. बुटाच्या तळव्यातून चटका लागतो. मूल आपणहून ‘मला चक्कर येतेय’ म्हणत नाही, संघातून काढतील या भीतीने पळत राहतं. बारा ते तीन उन्हात बाहेर पडू नका, असा इशारा आपत्ती व्यवस्थापनाची माणसं दर उन्हाळ्यात देतात. मैदानी शिबिर सकाळी सहा ते आठ असेल तर घाला. आयोजक म्हणाला, इतक्या लवकर पालक येत नाहीत, तर तो खरं बोलतोय. मग आपण लवकर उठायचं. पत्र्याच्या शेडमधल्या शिबिराचंही तसंच. बारा वाजता तिथे स्वतः दहा मिनिटं उभे राहून बघा.

लष्करी शिस्तीच्या शिबिरांचं आपल्याकडे फार वेड आहे. ‘पोरगं मोबाइल सोडत नाही, जरा शिस्त लागू दे’ म्हणून बाप त्याला दहा दिवस खाकी कपड्यांत सोडून येतो. पहाटे साडेचारला शिट्टी, भर उन्हात कोपरांवर सरपटणं, उशीर झाला की बैठका, आणि रोज एकाला सगळ्यांसमोर उभं करून अपमान. याला शिस्त म्हणत नाहीत. नऊ वर्षांच्या मुलाची ती भरती नाही. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला शिक्षण हक्क कायद्याने २००९मध्येच मनाई केली आहे. शिबिर शाळा नाही म्हणून सूट मिळते असं कोणाला वाटत असेल, तर २०१५च्या बाल न्याय कायद्याचं ७५वं कलम वाचावं. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्या कोणीही त्याला मारलं, छळलं, तर तो गुन्हा आहे. अशा शिबिरातून मूल घाबरून गप्प होऊन येतं आणि घरचे म्हणतात, ‘बघा, सुधारला.’ आठ दिवसांनी भीती उतरते आणि मोबाइल पुन्हा हातात येतो. मधल्या दहा दिवसांत ते मूल एवढंच शिकलेलं असतं की आपल्याहून लहान असेल त्याच्यावर ओरडायचं.

‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’वाल्यांना दारातूनच परत पाठवा. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात, रंग ओळखतात, असं प्रात्यक्षिक दाखवतात आणि हजारो रुपये घेतात. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते, मूल तिथून खाली बघतं. ती फट नीट बुजवली की ‘शक्ती’ संपते. विवेकवादी नरेंद्र नायक आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे गावोगाव उघड करून दाखवत आलेत. माझा राग पैशांसाठी नाही. मुलाला दिसत असतं की आपण फटीतून बघतोय, आणि आईबाबा कौतुकाने टाळ्या वाजवत असतात. खोटं बोलून शाबासकी मिळवायला आपण त्याला पैसे भरून शिकवतो. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणारेही अशाच शिबिरांच्या दाराशी टेबल मांडून बसलेले असतात. त्यांना अंगठा देऊ नका.

पाण्यापाशी मात्र थांबते, कारण इथे चूक झाली की मूल परत येत नाही. २०१८च्या एप्रिलमध्ये चेन्नईहून मुळशी तालुक्यात उन्हाळी शिबिराला आलेली तीन मुलं पाण्यात बुडाली. २०२४च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि बारा मुलं, दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हती. दोन्हीकडे पाणी पाहून मुलांना आनंद झाला असेल. आनंद झालेल्या मुलाला आवरायला शेजारी माणूस लागतो, किनाऱ्यावर शिट्टी घेऊन बसलेला पुरत नाही. गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना मुलाच्या पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधतात, आणि शिकवणारा काका स्वतः पाण्यात असतो. एका वेळी एक पोर. दुसरं काठावर बसून वाट बघतं. शहरातल्या तलावावर उन्हाळ्याच्या बॅचमध्ये एका प्रशिक्षकापुढे किती डोकी असतात ती मोजून या. पाठीला फ्लोट बांधला म्हणजे लक्ष द्यायला नको, असा समज सगळ्यात वाईट. आणि ‘आठ दिवसांत पोहायला शिका’ या हमीवर विश्वास ठेवून नवव्या दिवशी मुलाला धरणाच्या पाण्यात सोडू नका. तलावात हात मारता येणं वेगळं, गाळाच्या, खोल उतरत जाणाऱ्या काठाचं पाणी वेगळं.

पाणी, दोर, कडा, बोट यातलं काहीही शिबिरात असेल तर एक कागद मागा. महाराष्ट्राने २०२१मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. गिर्यारोहणातल्या जुन्या जाणत्या माणसांनी या नियमांसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. नोंदणी आहे म्हणजे अपघात होणारच नाही असं नव्हे. पण ज्याने नोंदणीसुद्धा केली नाही, त्याचा दोर कितीदा वापरून जुना झालाय हे तो तुम्हाला खरं सांगेल असं मला वाटत नाही. नदीच्या पात्रात दोराचा पूल बांधणाऱ्याला वरच्या धरणाचं पाणी कधी सोडतात, हे माहीत आहे का ते विचारा. २०१४च्या जूनमध्ये हिमाचलात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे चोवीस अभियांत्रिकी विद्यार्थी वरून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ते तर कॉलेजात जाणारे होते.

निवासी शिबिर असेल तर रात्रीविषयी विचारा. दिवसाचं वेळापत्रक सगळे देतात. रात्री मुलींच्या खोलीत कोण झोपतं, संडासला जायला दिवा आहे का, तिथपर्यंत बरोबर कोण येतं, पाण्याची टाकी कधी धुतली? कोकणातल्या शिबिरांना मी आणखी एक प्रश्न हमखास विचारते: जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन आहे का, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष कुठे मिळतं? मे महिन्यात विंचू बाहेर पडतात, आणि कोकणातल्या लाल विंचवाचा डंख लहान मुलाच्या हृदयावर जातो. एकेकाळी त्याने मुलं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी खेड्यातल्या आरोग्य केंद्रात काम करत प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला, १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि मरणारी मुलं वाचू लागली. गोळी आहे, ज्ञान आहे. शिबिराच्या माणसाला ती कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर रात्री अकरा वाजता अंधाऱ्या रस्त्यावर गाडी हाकत तो ती शोधणार आहे. बूट झटकून घाला, अंथरूण झटकून झोपा, हे जिथे पहिल्याच संध्याकाळी ताई सांगते तिथे मूल खुशाल पाठवा. आठ-नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र निवासी शिबिराला पाठवायची घाई कशाला? एकदा मावशीकडे दोन रात्री राहून येऊ दे, मग बघू.

‘काय शिकवणार’ हा प्रश्न मी मुद्दाम इतका मागे ठेवला. तोही माणसाशीच जोडलेला आहे. पुण्यात आयुकाच्या शाळकरी मुलांच्या उन्हाळी कार्यक्रमात मुलं लहान गटांनी आठवडाभर एकेका शास्त्रज्ञाबरोबर काम करतात, अभ्यासक्रम ठरलेला नसतो. तिथे मूल काय ‘शिकलं’ हे पत्रकात छापता येणार नाही, पण ज्याला खरंच प्रश्न पडतात अशा माणसाजवळ ते बसलं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातले सुट्टीतले छंदवर्ग, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची निसर्गशिबिरं, यांचं मोलही त्यातल्या माणसांमुळे आहे. पक्ष्याचं नाव सांगणारं अ‍ॅप मोबाइलमध्ये असतं. पक्षी उडून जाऊ नये म्हणून श्वास रोखून उभा राहिलेला दादा अ‍ॅपमध्ये नसतो.

नाटकाच्या शिबिराला माझा खास आग्रह आहे आणि खास तक्रारही. मराठी बालरंगभूमी मोठी झाली ती सुट्टीच्या आधारावर. सुधा करमरकरांनी १९५९मध्ये ‘लिटल थिएटर’तर्फे रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं आणि मुलांसाठी नीट नेपथ्य, नीट प्रकाश, नीट संहिता असलेलं नाटक करायचं असतं हे महाराष्ट्राला दाखवलं. आज नाटकाचं शिबिर म्हणजे समारोपाचा कार्यक्रम. पंधरा दिवसांपैकी शेवटचे सहा दिवस पालकांना दाखवायच्या नाचाची तालीम. दोन बोलक्या मुलांना सगळी वाक्यं, उरलेली पंचवीस झाडं आणि लाटा. भाड्याच्या पोशाखांचे पैसे वेगळे. ज्या मुलीला चारचौघांत तोंड उघडता येत नाही म्हणून आईने शिबिरात घातलं, ती पंधरा दिवस लाट होऊन डावीकडून उजवीकडे गेली. आयोजकाला विचारा, समारोप आहे का? नसेल तर आनंदाने पैसे भरा. असेल तर विचारा, प्रत्येक मुलाला बोलायला मिळणार आहे का. आणि समारोपाचा आग्रह आपणच धरतो, हेही लक्षात घ्या. मोबाइल वर धरून उभ्या राहणाऱ्या पालकांसाठीच तो सगळा खटाटोप चालतो.

ज्या मुलाला ऐकायला कमी येतं, जे स्वमग्न आहे, जे चाकाच्या खुर्चीत आहे, त्याच्या आईला शिबिरातून फोनवर उत्तर मिळतं, ‘आमच्याकडे तशी सोय नाही.’ त्या आईला वर्षभर हेच ऐकावं लागतं. तुमच्या मुलाला अशी गरज नसली तरी तुम्ही विचारा: श्रवणयंत्र लावणारं मूल तुम्ही घ्याल का? जे ‘हो, आईला आधी भेटायला सांगा’ म्हणतात त्यांच्याकडे हात पुरेसे आहेत आणि डोकं ठिकाणावर आहे. तुमचं मूलही तिथे नीट सांभाळलं जाईल. शिवाय त्याला एक मित्र मिळेल, जो शाळेत भेटला नसता.

सगळं विचारून, बघून पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी मूल सकाळी पोट धरून बसलं, तर त्याला हट्टी म्हणू नका. एखादा दिवस नव्या जागेचं रडू असतं. तिसऱ्या दिवशीच्या पोटदुखीला बहुतेकदा कारण असतं. पहिल्यांदा मुलाचं ऐका, मग ताईला भेटा, पटलं नाही तर काढून घ्या. ‘भरलेले पैसे परत मिळणार नाहीत’ असं पावतीवर छापलेलं असतं म्हणून आपण मुलाला रेटत राहतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली त्रुटी हा तक्रारीचा विषय आहे, पावतीवरच्या एका ओळीने तो हक्क जात नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पैसे परत आले नाहीत तरी मूल घरी राहू दे.

आणि ज्यांच्या घरी शिबिराचा प्रश्नच येत नाही त्यांचं काय? कुठल्याही शहरात मे महिन्यात महापालिकेच्या शाळेवरून जा. मैदान आहे, नळ आहे, वर्गाचे पंखे आहेत, आणि फाटकाला कुलूप आहे. कुलपाबाहेर रस्त्यावर त्याच शाळेची मुलं भर उन्हात क्रिकेट खेळतायत, चेंडू रिक्षाखाली जातोय. चर्नी रोडला सरकारचं जवाहर बालभवन आहे, पुण्यात सारसबागेजवळ गरवारे बालभवन आहे. अशा जागा प्रत्येक वॉर्डात हव्यात आणि त्या उभारायला नवी इमारत लागत नाही, कुलूप उघडणारा माणूस लागतो. सकाळी तीन तास, दोन ताई, एक मावशी, गोष्टींची पुस्तकं, कॅरम, दोऱ्या, पन्ह्याची बादली. ताईंना रीतसर मानधन आणि आधी चार दिवसांचं प्रशिक्षण. एवढ्यासाठी आपल्या प्रभागातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि शिक्षण विभागाच्या प्रशासन अधिकाऱ्यांना अर्ज द्या. त्यावर सोसायटीतल्या पालकांच्या सह्या घ्या आणि समोरच्या वस्तीतल्या पालकांच्याही. सुट्टी मेच्या पहिल्या आठवड्यात लागते, म्हणजे अर्ज याच आठवड्यात जायला हवा.